वरची न्हाणी

माणसाने कशाचा गर्व करावा याला काही धरबंध नाही. मला होता तो माझ्या नळांचा. नळ म्हणजे खरे नव्हेत, संगणकाच्या पडद्यावरचे. इमारतींचे पाणी आणि सांडपाणी आखून देणे हा माझा धंदा. पूर्वी कागदावर रेघा ओढत असे. आता रेव्हिट नावाची प्रणाली आहे. पाइपाचा व्यास सांगावा, जमिनीपासूनची उंची सांगावी, एका जागी टिचकी मारावी, दुसऱ्या जागी दुसरी, की पाइप तयार! वळवला तर कोपऱ्यात एल्बो आपसूक उगवतो. मध्येच उंची बदलली तर उभा तुकडा आपणहून येतो. उघडे राहिलेले टोक पकडून पुढे ओढावे, की तीच रांग सुरू. हात काळे होत नाहीत आणि घाम येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात घाम न येणे ही लहानसहान गोष्ट नव्हे.

बाबांचे हात मात्र जन्मभर काळे. ते नळाचे मिस्त्री. अंबाझरीचे पाणी एकोणिसाव्या शतकातच नळाने शहरात आले. पुढे गोरेवाडा, कन्हान, पेंच अशी भर पडत गेली. पण महालातल्या अरुंद गल्ल्यांतून ते माजघरापर्यंत नेले ते बाबांसारख्यांनी, असे आपले माझे मत. त्यांचा नकाशा म्हणजे भिंतीवर खडूची एक रेघ, आणि काम संपले की तीही पुसलेली.

दोन वर्षांपूर्वी बाबा जिन्यात पडले. न्हाणी खाली, चौकात. त्यांची खोली वर. हाड वाचले, पण रोज त्यांना उतरवताना माझी छाती धडधडू लागली. वर न्हाणी करायचे मी ठरवले आणि घर मोजून पडद्यावर उभे केले. सांडपाण्याला चाळीसास एक उतार दिला. बाबा चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे हातभर नळाले अर्धा इंच. बरोबर हाय." मी सुखावलो.

मग खालच्या जुन्या लोखंडी नळापासून एक रांग वर ओढली, टाकीपासून दुसरी खाली आणली आणि मध्ये दोन्ही जुळवून टाकल्या. बाबा बराच वेळ पाहत राहिले.

"काहून रे, दोन्हीकडून आट्याचे नळ. मधला तुकडा फिरवशील कसा? इकडे आवळला का तिकडे सैल होईल. युनियन कुठी हाय?"

युनियन नव्हती. पडद्यावर पाइप फिरवावाच लागत नाही, मग ती आठवणार कशी? आणि तिथे पाना फिरवायला जागा लागते, तीही मी ठेवली नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे कुणी विचारले नव्हते, किंवा विचारण्याआधीच एखाद्या मिस्त्रीने मुकाट्याने युनियन घालून वेळ निभावली असेल. आता वाटते, पुष्कळदा तसेच झाले असेल.

"अन् तिथून काहून सुरू करतोस? खाली भिंतीत टी हाय. प्लग मारून ठेवला हाय मी."

"केव्हा?"

"चौऱ्याऐंशी साली. तुझ्या आजीसाठी वर न्हाणी करायची होती. तिचे गुडघे गेले होते." थोडे थांबून म्हणाले, "लोकायचीच कामं उरकत नव्हती. राहून गेली."

आजीला दोघे धरून जिना उतरवत, ते मला अंधुक आठवते. ती १९८७ मध्ये गेली.

भिंत फोडली. जमिनीपासून तीन हातांवर, बाबांनी बोट ठेवले होते तिथेच, टी निघाली. पण जस्ताचा मुलामा किती वर्षे पुरणार? आत गंज चढून भोक करंगळीएवढेही उरले नव्हते. नळाचे काम करणारा पोरगा म्हणाला, "काका, हे काढून टाकू, प्लास्टिकची नवी लाइन टाकू." बाबांनी मान डोलावली. ती टी त्यांनी घासूनपुसून खिडकीत ठेवली आहे. प्लग अजून निघालेला नाही.

काम दिवाळीच्या तोंडावर कसेबसे आटोपले. नरक चतुर्दशीला पहाटे आईने तेल-उटणे लावले आणि बाबा वरच्या न्हाणीत गेले. मी दाराबाहेर उभा. बराच वेळ नुसते पाणी पडल्याचा आवाज येत होता.

मग आतून हाक आली, "पाण्याले जोर कमी हाय. टाकी किती उंच ठेवली रे तू?"