अठरा माणसे आणि डोंगरची आगगाडी

एकट्याने प्रवासाला निघालेल्या माणसाला फक्त आपले पाकीट सांभाळावे लागते. अठरा माणसे घेऊन निघालेल्याला अठरा स्वभाव सांभाळावे लागतात. कुणाला खिडकी हवी, कुणाला वारा बाधतो. कुणाला दर तासाला चहा लागतो, तर कुणी चहाचे नाव काढले की पित्ताची आठवण काढतो. तरीसुद्धा घरची माणसे गोळा करून आगगाडीने डोंगरावर जाण्यात जी मौज आहे, ती विमानाने चौघांनी परदेशी जाण्यात नाही असे माझे मत आहे, आणि ते गेल्या वर्षीच्या अनुभवाने अधिकच पक्के झाले आहे.

आमचे मूळ घर सायखेड्याचे. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी हे गाव आहे. पलीकडे चांदोरी, मध्ये पूल, आणि थोडे खाली गेले की नांदूरमध्यमेश्वरचे ते पक्ष्यांनी गजबजलेले पाणी. उन्हाळ्यात नदी आटली की चांदोरीच्या पात्रातली जुनी देवळे उघडी पडतात. पावसाळ्यात तीच नदी बाजारपेठेत येऊन घरांची दारे ठोठावते. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या ऑगस्टात तिने गावाची पुरती दैना केली. २०१९ च्या पुरानंतर आमच्यापैकी दोन बिऱ्हाडे नाशकाला गेली, एक पुण्याला. गावात उरल्या थोरल्या काकू, त्यांचा मुलगा, सून आणि द्राक्षाची बाग. पूर्वी एका पंगतीला बसणारे घर आता लग्नकार्यालाच एकत्र दिसू लागले. तेव्हा सगळ्यांनी मिळून चार दिवस कुठेतरी जावे, ही कल्पना निघाली.

कुठे जावे यावर दोन रविवार वाद झाला. पुण्याच्या भाच्याने तर थेट इंडोनेशियाचाच प्रस्ताव मांडला. तो कामानिमित्त जाकार्ताला गेला होता आणि तिथून आगगाडीने बांडुंगच्या डोंगराळ मुलखात जाऊन आला होता. बांडुंग हे नाव आमच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते ते १९५५ सालच्या परिषदेमुळे. आशिया-आफ्रिकेतली एकोणतीस राष्ट्रे तिथे जमली होती आणि पंडित नेहरू गेले होते. डचांच्या अमदानीत, १८८४ साली, तिथे लोहमार्ग पोचला. दऱ्यांवरचे उंच पूल आणि भातखाचरे ओलांडत ती गाडी तीनेक तासांत वर चढते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून अतिवेगवान गाडीही धावते आणि पाऊण तासात पोचवते. भाचा मात्र म्हणाला, "मामा, जुन्या गाडीनेच जावं. नव्या गाडीत डोंगर कधी आला आणि कधी गेला, तेच कळत नाही."

बांडुंगची उंची किती, असे मी विचारले. साडेसातशे मीटरच्या थोडी वर, असे उत्तर आले. मी म्हटले, "अरे, आपले माथेरान आठशे मीटर आहे! आणि तिथेही आगगाडीच जाते. पारपत्र नको की विमान नको." अठरा पारपत्रांचा खर्च डोळ्यांपुढे येताच सभा माझ्या बाजूने फिरली. माथेरान ठरले.

पण खरा प्रश्न पुढेच होता. थोरल्या काकूंना न्यायचे की नाही? काकूंचे वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे. माथेरानात मोटारींना बंदी. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब यांना तेवढा अपवाद. "वर काही झालं तर?" हे तिघांनी बोलून दाखवले आणि बाकीच्यांनी मनात म्हटले. काकू दाराआड उभ्या राहून सारे ऐकत होत्या. त्या पुढे येऊन एवढेच म्हणाल्या, "पुराच्या वेळी मला खांद्यावर घेऊन माळ्यावर चढवलंत, तेव्हा नाही कुणी विचारलं, काही झालं तर! नदी वर येते ते जन्मभर पाहिलं. एकदा आपण वर जाऊन तिच्याकडे बघू द्या की." त्यावर कुणाला काय बोलणार? डॉक्टरांना दाखवले, त्यांनी हरकत घेतली नाही, आणि काकूंचे नाव यादीत पहिले लिहिले गेले.

आता ज्यांना अशीच मंडळी घेऊन निघायचे असेल त्यांच्यासाठी, आम्हाला उपयोगी पडलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट दिवसाची. नेरळहून माथेरानपर्यंतची छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते. साधारण जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत वरच्या अमन लॉज ते माथेरान एवढ्याच टप्प्यात ती धावते. पावसाने रूळ खचले की मुदत लांबते. २००५ च्या अतिवृष्टीनंतर तर हा मार्ग २००७ पर्यंत बंद होता. म्हणून गाडी सुरू झाल्याची खात्री केल्यावाचून सामान बांधू नये. शनिवार-रविवार टाळावा. आमच्यात बागाईतदारही असल्यामुळे द्राक्षाची छाटणी आणि फवारणी यांच्यामधली फट शोधावी लागली. शहरातल्या मंडळींना ही अडचण नाही. त्यांना फक्त साहेबांची रजा शोधायची असते.

दुसरी गोष्ट माणसांच्या विभागणीची. रेल्वेच्या आरक्षणाच्या एका अर्जावर सहाच प्रवाशांची नावे बसतात. म्हणून आम्ही अठरा जणांच्या सहा-सहाच्या तीन टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीला एक मुकादम नेमला. प्रत्येक टोळीत एक वयस्कर, एक तरी लहान मूल आणि दोन धडधाकट माणसे. गाडीत चढताना, उतरताना आणि प्रत्येक मुक्कामी मुकादमाने आपली सहा डोकी मोजायची. अठरा मोजताना माणूस हमखास चुकतो. सहा मोजताना चुकत नाही. नवराबायकोला वेगळ्या टोळ्यांत घालू नये, आणि सासूसुनेला एका टोळीत घालण्यापूर्वी दोघींनाही विचारावे.

तिसरी गोष्ट पैशाची. माणशी ठरावीक वर्गणी आधीच गोळा केली. खजिनदारी धाकट्या वहिनींकडे दिली, कारण त्यांच्याकडून पैसा सुटणे कठीण, हे सर्वमान्य होते. चहापासून हमालीपर्यंत सारे वहीत लिहायचे आणि रात्री वाचून दाखवायचे. जाताजाता सांगून ठेवतो, रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. म्हाताऱ्या माणसांचे भाडे निम्मे धरून हिशेब केलात तर तो कोसळेल.

चौथी गोष्ट वाटेच्या मुक्कामाची. पहाटे जीपने निफाडला येऊन आम्ही पंचवटी एक्सप्रेस पकडली. इगतपुरी सोडली की थळघाट. १८६५ साली इथून गाडी सुरू झाली. सदतीस फुटांना एक फूट असा हा चढ. आमची गाडी उतरणीला होती, त्यामुळे पठारावरचे आम्ही आधी पूर्ण खाली उतरून मग पुन्हा डोंगर चढणार होतो. "हा कुठला व्यवहार?" असे धाकट्या चिरंजीवांनी विचारले, आणि त्याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. कल्याणला गाडी बदलायची. इथे कर्जत किंवा खोपोलीची लोकल घ्यायची. चुकून कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसलात तर आल्या वाटेने परत जाल. लोकल स्टेशनात क्षणभरच थांबते, म्हणून तीन टोळ्यांनी शेजारशेजारच्या तीन दारांशी उभे राहावे.

पण त्याच सकाळी नेरळची छोटी गाडी गाठायचा हव्यास धरू नये. आम्ही बदलापूरला मेहुण्यांकडे उतरलो. अठरा माणसे दोन खोल्यांत कशी मावली ते मेहुण्यांच्या शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्याही दोन खोल्या आम्ही व्यापल्या होत्या. दुपारी अंबरनाथचे शिवमंदिर पाहिले. शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे १०६० साली बांधलेले हे देऊळ कारखान्यांच्या आणि चाळींच्या गर्दीत इतके शांत उभे आहे की पाहतच राहावे.

त्याच रात्री वही उघडून एक महत्त्वाचे काम केले. माथेरानच्या गाडीची तिकिटे त्याच दिवशी खिडकीवर मिळतात आणि डबे मोजके. अठरा तिकिटे मिळतीलच असे नाही. तेव्हा न मिळाल्यास कोण बसणार याचा क्रम आधीच लिहून ठेवला: आधी वयस्कर, मग मुले, मग त्यांच्या सोबतीला माणसे, मग उरलेले. खिडकीपुढे उभे राहून असा क्रम ठरवता येत नाही. तिथे फक्त भांडता येते.

आणि झालेही तसेच. पहाटेच्या लोकलने नेरळला जाऊन रांगेत उभे राहिलो, तेव्हा दहा तिकिटे हाती आली. चार वयस्कर, चार मुले, सोबतीला दोन. सोबतीचे दुसरे नाव धाकट्या वहिनींचे होते. त्यांनी या गाडीची आस किती दिवस धरली होती ते आम्हा सर्वांना ठाऊक होते. पण काकूंना उठवायला-बसवायला काकूंच्याच सुनेचा हात हवा, हे त्यांनी पाहिले. त्यांनी तिकीट जाऊबाईंच्या हातात दिले आणि हिशेबाची वही काखोटीला मारून टॅक्सीकडे चालू लागल्या. आठ जण रस्त्याने दस्तुरीला गेले.

मी दुसरा सोबती, म्हणून गाडीत होतो. हा रूळ दोन फूट रुंदीचा. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम सुरू केले आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी धावू लागली. वीसेक किलोमीटरच्या वाटेला दोनशेच्या वर वळणे. काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट असा चढ. अडीच-पावणेतीन तास लागतात. वळणांनी मळमळते, म्हणून पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि भरगच्चही ठेवू नये. आलेपाकाची वडी तोंडात धरावी. जुम्मापट्टीला गाडी थांबते, तिथे मुले वडापाव मागणारच. पुढे वॉटर पाइप, आणि वाटेत एक इवलासा बोगदा, ज्याचे इंग्रजी नाव मुलांना समजावून सांगण्याच्या भानगडीत वडीलधाऱ्यांनी पडू नये.

काकू सबंध वाट खिडकीला चिकटून होत्या. बऱ्याच वर चढल्यावर खाली नेरळचा सपाट मुलूख उघडला आणि त्यात उल्हास नदी दिसली, उन्हात पडलेल्या सुतासारखी. काकू पुष्कळ वेळ पाहत होत्या. मग सुनेला म्हणाल्या, "बघ गं, वरून किती गरीब दिसते! आणि हिच्याच भयाने आपण धान्याच्या कोठ्या माळ्यावर नेतो." सुनेने त्यांचा हात धरला. दोघी पुढे बोलल्या नाहीत, आणि मीही खिडकीबाहेर पाहू लागलो.

वरच्या मुक्कामाविषयी थोडक्यात सांगतो. उतरण्याची जागा बाजाराजवळ आणि शक्यतो तळमजल्यावर घ्यावी. लाल माती कपड्यांतून निघत नाही, तेव्हा पांढरे धोतर आणि नवी साडी घरीच ठेवावी. माकडे धीट आहेत. आमच्या धपाट्यांचा एक डबा त्यांनी आमच्यादेखत पळवला आणि लसणाची चटणी तेवढी परत टाकली. दहा ठिकाणे धावत पाहण्यापेक्षा शार्लोट तलाव, काठचे पिसरनाथाचे देऊळ आणि मावळतीचे एखादे टोक एवढे सावकाश पाहावे. काकूंनी माणसाने ओढायच्या रिक्षात बसायला साफ नकार दिला. "माणसानं माणूस ओढायचा? मी बसत चालेन," म्हणाल्या, आणि तशाच, झाडाझाडाखाली टेकत, चालल्या. २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा काकूंनी तो निकाल स्वतःच दिल्याच्या थाटात गल्लीभर सांगितला.

उतरताना अठराही जणांना गाडी मिळाली. रांगेत पहिला नंबर लावायला आमचे दोन मुकादम पहाटेच गेले होते, आणि धाकट्या वहिनींसाठी खिडकी राखून ठेवण्याचे काम काकूंनी जातीने केले.

सायखेड्याला परतल्यावर वही वाचली गेली. माणशी तीनशे चाळीस रुपये उरले होते. वहिनी ज्याचे त्याला देऊ लागल्या. काकूंनी आपले पैसे घेतले, मोजले आणि पुन्हा वहिनींच्या हातात ठेवले.

"राहू दे तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "ते भाच्याचं गाव कुठलं ते, बांडुंग का काय, त्याची वर्गणी म्हणून मांड."