चार पौंडांचा तंगूस

चंदीगडहून मनालीला जाणारी बस मंडी ओलांडते आणि बियास नदीच्या काठाकाठाने वर चढू लागते. मग औट गावापाशी एक लांबलचक बोगदा येतो. चांगला जवळजवळ तीन किलोमीटरचा! मनालीला जाणारे त्यात शिरतात. आपण मात्र अलीकडेच उतरायचं आणि लारजीवरून बंजारकडे जाणारा रस्ता धरायचा. कारण आपल्याला भेटायचंय तीर्थन नदीला.

ही नदी हिमाचल प्रदेशातल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या बर्फातून येते. हे उद्यान २०१४ साली जागतिक वारसा यादीत गेलं. बंजारच्या पुढे नागिनी, मग गुशैणी. इथे नदीत पाऊल टाकून बघा, मेच्या उन्हातसुद्धा दहा अंक मोजेपर्यंत पाय बधिर होतो. पाणी इतकं नितळ, की तळातले गोटे मोजावेत. आणि त्या गोट्यांच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून, शेपटी हलकेच हलवत उभा असतो ट्राउट. पिवळसर तपकिरी अंग, त्यावर काळे आणि लाल ठिपके.

हा मूळचा इथला नव्हे बरं का! ब्रिटनमधून त्याची अंडी १९०० साली काश्मीरला पोचली, आणि तिथून १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती कुलूच्या खोऱ्यात आणली. गार पाणी मिळालं आणि पाहुणा घरचाच झाला. (इथल्या मूळच्या माशांना तो पाहुणा किती आवडला असेल, हा प्रश्न वेगळा!) आपल्या कोकणातल्या नद्यांत तो का नाही, हे आता तुम्हीच सांगाल. कोमट पाण्यात त्याचा जीव गुदमरतो.

त्याला पकडायला लोक लांबून येतात. मासेमारी खात्याचा परवाना काढायचा, सोबत मोठं माणूस हवंच, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या अंडी घालायच्या दिवसांत गळ टाकायचा नाही. काठी असते हलकी, हातभर वाकणारी. गळाला लावायचा चमकता पत्रा जेमतेम दोन-तीन ग्रॅमचा. मग राहिला प्रश्न दोऱ्याचा. आणि सगळी गंमत तिथेच आहे.

कोकणात गरवायला जाणारी मुलं ज्याला तंगूस म्हणतात, तोच हा नायलॉनचा दोरा. त्याच्या रिळावर पौंडात आकडा लिहिलेला असतो. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. म्हणजे ४ पौंडांचा तंगूस साधारण १८०० ग्रॅम ओढ सोसतो, मग तुटतो. आता तुम्ही म्हणाल, तीर्थनमधला ट्राउट बहुतेक वेळा अर्ध्या किलोच्याही आतला. मग एवढा दोरा कशाला? एक पौंडाचा पुरे की!

जरा एक प्रयोग करा. पाण्याने भरलेल्या तांब्याला शिवणाचा दोरा बांधा आणि अगदी सावकाश उचला. उचलला जाईल. आता तोच झटक्याने उचला (अंगणात हं, आईच्या स्वयंपाकघरात नको!). फट्‌! वजन तेच, पण झटका वेगळा. मासा तर झटकेच देतो, वर त्याच्या पाठीशी पहाडी नदीचा जोर. शिवाय गाठ मारली की दोरा तिथे कमजोर होतो, आणि खडकावर घासला की आणखी. (गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करतात. कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच नायलॉन दुखावतं.)

तर मग सरळ १२ पौंडांचा घ्यावा? तेही नाही. जाड दोरा जड, रिळातून सुटताना अडखळतो, आणि दोन ग्रॅमचा पत्रा चार हातांवर टपकन पडतो. पाण्यात प्रवाह त्याला जास्त ओढतो, त्यामुळे पत्रा हवा तिथे पोहत नाही. आणि काचेसारख्या पाण्यात ट्राउटला तो दिसतो! त्याची नजर भलतीच तीक्ष्ण. दोरा दिसला, की तो गोट्याआड गुडूप.

बाजारात आणखीही दोरे आहेत. बारीक धागे विणून केलेला दोरा फार बारीक आणि फार मजबूत, पण तो जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे माशाचा झटका थेट गळावर बसतो आणि नाजूक तोंड फाटतं. शिवाय नितळ पाण्यात तो उठून दिसतो. फ्लुरोकार्बनचा दोरा पाण्यात कमी दिसतो, कारण प्रकाश त्यातून जाताना जवळजवळ पाण्याइतकाच वळतो. पण तो ताठर आणि महाग. म्हणून मला विचाराल तर हलक्या काठीला, तीर्थनसारख्या नदीत, साधा ४ पौंडांचा तंगूस. जाडी सुमारे ०.२ मिलिमीटर, म्हणजे वहीची दोन पानं एकावर एक ठेवा तेवढी. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं तर ६ पौंडांचाही चालेल. तेव्हा माशाला दिसतंय काय कपाळ!

काही हौशी मंडळी मुद्दाम एक-दोन पौंडांचा दोरा घेतात. बारीक दोऱ्यावर मासा काढला म्हणजे मोठी बहादुरी! मला ती पटत नाही. दोरा तुटतो तेव्हा माणसाचा जातो पत्रा. मासा मात्र तोंडात गळ आणि मागे दोन-चार हात तंगूस घेऊन जातो. तो तंगूस दगडात अडकला, की मासा तिथेच बांधला जातो. हे कुणाला दिसत नाही, म्हणून बहादुरीच्या गोष्टीतही येत नाही.

रिळावर एक चकती असते. ती फिरवून दोरा किती ओढीला सुटावा हे ठरवता येतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा काटा आठवतो ना? दोरा त्याला बांधून ओढायचा आणि काटा ५०० ग्रॅमच्या आसपास आला की रीळ कुरकुरत सुटलं पाहिजे. मग मासा पळाला तरी दोरा तुटण्याऐवजी सुटत राहतो.

नायलॉन १९३० च्या दशकात अमेरिकेत तयार झालं. त्याआधी गळाशी बांधायला काय वापरत, माहीत आहे? घोड्याच्या शेपटीचे केस! आणि रेशमाच्या किड्याच्या पोटातली रेशमाची ग्रंथी ओढून काढलेली तार! ती वापरण्याआधी भिजत घालावी लागे, नाहीतर काडीसारखी मोडे. पण नदीत तुटून पडली तर काही काळाने कुजून जाई. नायलॉन तसं कुजत नाही. उन्हाने कमजोर होतं, पण नदीकाठच्या झुडपात वर्षानुवर्षं लोंबत राहतं. तीर्थनवर डिपर नावाचा तपकिरी पक्षी आहे. तो धो धो प्रवाहात चक्क बुडी मारून किडे शोधतो. त्याच्या पायात हा गुंता अडकला, तर सोडवणार कोण? म्हणून तुटका तंगूस, अगदी वीतभर असला तरी, खिशात. घरी येऊन त्याचे बारीक तुकडे करायचे आणि मगच केरात.

परतताना नागिनीला थांबा. तिथे ट्राउटची पैदास करण्याचं सरकारी केंद्र आहे. हौदांत गार पाणी खेळवलेलं असतं, आणि बोटाएवढी पिल्लं सगळीच्या सगळी पाणी येतं त्या बाजूला तोंड करून उभी असतात. नुसता हात वर केलात तरी क्षणात पांगतात. मोजा बरं, पुन्हा जागेवर यायला त्यांना किती वेळ लागतो!