स्थळ पाहायला

आपल्याकडे स्थळ पाहायला जातात, तसे अमेरिकेत कॉलेज पाहायला जातात. शाळेचे शेवटचे वर्ष लागण्यापूर्वीच आईबाप मुलाला मोटारीत घालतात आणि सुटीत आठ-दहा कॉलेजांच्या आवारांतून फिरवून आणतात. मात्र त्याला पेट्रोल, हॉटेल आणि रजा ही तिन्ही लागतात. ज्यांच्यापाशी ती नाहीत, त्यांच्यासाठी काही कॉलेजांनी मोठी दिलदार रीत काढली आहे. मुलांनी अर्ज करायचा. निवड झाली, की विमानाचे भाडे कॉलेज भरते, वसतिगृहात उतरवून घेते, खाऊपिऊ घालते आणि दोन-तीन दिवसांनी परत धाडते. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना गाडीभाडे पाठवावे, तसलाच प्रकार म्हणा ना!

माझी मावसबहीण ह्यूस्टनला असते. यजमान गेल्यापासून एका किराणा दुकानात गल्ल्यावर बसून तिने मुलीला वाढवले. मुलगी हुशार. शाळेतल्या बाईंनी तिला विल्यम्स कॉलेजच्या ‘विंडोज ऑन विल्यम्स’चा अर्ज भरायला लावला. अर्जाबरोबर निबंध लिहायचा होता. दुकानाच्या मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांवर बसून आपण अभ्यास कसा केला, ते कार्टीने लिहिले. आई वाचून रडली. “घरची लक्तरे वेशीवर कशाला टांगायची?” म्हणाली. निवड झाल्याचे कळल्यावर तर तिचे धाबेच दणाणले. सतरा वर्षांची मुलगी, दीड हजार मैल, तीही एकटी! पालकांना आमंत्रण नसते. २०२३ च्या त्या शरदात मी बॉस्टनला भावाकडे होते. “ताई, तेवढी नजर ठेव गं,” असा फोन आला.

बॉस्टनहून विल्यम्सटाउन मोटारीने तीन तास. शेवटचा टप्पा ‘मोहॉक ट्रेल’चा, १९१४ मध्ये मोटारींसाठी खुला झालेला घाटरस्ता. नॉर्थ अ‍ॅडम्सच्या माथ्यावर तो केसातल्या आकड्यासारखा असा काही वळतो, की आमच्या बोरघाटाची आठवण व्हावी. दोन्ही अंगांना मेपलची झाडे पेटल्यासारखी लाल. समोरचा ग्रेलॉक हा मॅसॅच्युसेट्सचा सर्वांत उंच डोंगर, ३,४९१ फूट. कळसूबाईपुढे धाकटा, पण रंगांचा थाट असा, की उंचीचे बोलणेच नको.

गाव चिमुकले. पांढरे देवालय, हिरवळी, स्प्रिंग स्ट्रीट नावाची एक बाजारपेठ, आणि त्यांच्यामध्ये १७९३ पासूनचे कॉलेज. विद्यार्थी अवघे दोन हजारांच्या घरात.

मुलगी मला स्प्रिंग स्ट्रीटवर अर्धा तास भेटली. ती वर्गात बसून आली होती. इथे ‘ट्युटोरियल’ म्हणून एक प्रकार आहे: दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक. दर आठवड्याला एकाने निबंध वाचायचा, दुसऱ्याने त्याची चिरफाड करायची. एकशेवीस मुलांची हजेरी घेता घेता ज्यांचा निम्मा तास संपतो, त्यांनी हे ऐकून काय म्हणावे? मी निमूटपणे कॉफी प्याले. “मावशी, इथे गप्प बसून चालतच नाही,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत धास्ती होती आणि हावही होती.

ती गेल्यावर मी एकटीच मिशन पार्कमध्ये शिरले. तिथे माथ्यावर पृथ्वीचा गोल असलेला संगमरवरी स्तंभ आहे. १८०६ च्या उन्हाळ्यात या कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीआड बसले आणि परदेशी धर्मप्रसाराला जायचे त्यांनी ठरवले, त्याचे हे स्मारक. त्या चळवळीतून निघालेल्या मिशनचा गॉर्डन हॉल, हाही विल्यम्सचाच, १८०८ चा पदवीधर, १८१३ मध्ये मुंबईस उतरला. मराठी शिकला, मराठीत उपदेश करू लागला, आणि १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला पटकीने वारला. त्याच अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये त्या वेळच्या अहमदनगरात ‘ज्ञानोदय’ काढला. पुढे रेव्हरंड टिळकांनी तो संपादिला. एम.ए.ला ‘ज्ञानोदय’वर मी पाने भरली होती, त्याचा उगम या ओल्या गवतात असेल, हे ध्यानीमनीही नव्हते. हॉलच्या हेतूशी माझे जमणार नाही. पण पोराने महिनोन्‌महिने जहाजात काढून आमची भाषा गाठली, हे नाकारता येत नाही.

रात्री मुलीने आईला फोन लावला. मलाही त्यात घेतले. हवा, जेवण, खोलीतली जोडीदारीण, सगळे सांगून झाले. या पाहुणचारामुळे प्रवेशाची हमी मिळत नाही, खरा अर्ज पुढेच करायचा, हेही तिने सांगितले. मग आईने भीतभीत विचारले, “आणि पैसे?”

वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरांच्या वर. आई एकदम गप्प झाली. मुलगी घाईघाईने म्हणाली, ज्यांची ऐपत नाही त्यांची गरज कॉलेजच भागवते. २०२२ पासून त्या मदतीत कर्ज नाही, कामाची अटही नाही, सगळे अनुदानच.

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. दुकानाचे शटर ओढल्याचा आवाज तेवढा आला.

“बर्फ पडते ना तिथे?” बहीण म्हणाली. “मग कोट घ्यावा लागेल. ताई, बॉस्टनला सेल कधी लागतो?”