आमच्या घरची सेफ्टी टँक



मागच्या वेळी मुगाच्या सांडग्यांवर लिहिले होते. या वेळी संडासच्या टाकीवर लिहिते आहे म्हटल्यावर सूनबाई हसली. "आई, हे कोण वाचणार?" मी म्हटले, ज्यांच्या घरी सांडगे होतात त्यांच्या घरी हेही असतेच की.

आमच्याकडे भिगवणला सगळे 'सेफ्टी टँक'च म्हणतात. गवंडी, दुकानदार, आमचे हे, सगळेच. खरा शब्द सेप्टिक, म्हणजे सडण्याशी संबंधित, हे मलाही टाकी विकत घेताना कळले. पण सेफ्टी हा शब्द मला काही चुकीचा वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

मी लग्न होऊन या घरात आले १९८४ साली. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयातून बी.कॉम. झाले होते, म्हणून सासऱ्यांनी दुकानाचे नाही तरी घराचे कीर्द-खतावणी माझ्याकडे दिले. त्या वह्या अजून माळ्यावर आहेत. परसात आड होता, आडाच्या पलीकडे विटांची जुनी टाकी. आत काय आहे, किती खोल आहे, कोणाला माहीत नव्हते. झाकणाच्या शहाबादी फरशीवर आम्ही वर्षानुवर्षे पापड वाळवले, हे आज सांगताना लाज वाटते.

आमच्या घरात पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लागत नाही. दुहेरी छन्न्यातून गाळायचे, आणि छन्न्यावर राहिलेली जिवाणी सावकाश परत आडात सोडायची. सासूबाई तर बादली वरून उलटी करू द्यायच्या नाहीत, पाण्यापर्यंत नेऊन अलगद बुडवायला लावायच्या. जीव आपटून मरू नयेत म्हणून. चाळीस वर्षे मी हे केले. दोन वर्षांपूर्वी गावात पाण्याची तपासणी चालू होती, तेव्हा आमच्या आडाचे पाणीही त्या छोट्या बाटलीत भरून दिले. दुसऱ्या दिवशी बाटलीतले पाणी शाईसारखे काळे. काळे म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू. पुन्हा दिले, पुन्हा काळे.

मी टेप घेऊन आड ते टाकी अंतर मोजले. तेवीस फूट. शोषखड्डा आणि पिण्याचे पाणी यांत निदान अठरा मीटर, म्हणजे साधारण साठ फूट अंतर असावे असे भारतीय मानक सांगते. आमच्या जुन्या टाकीला तळच नव्हता, म्हणजे ती टाकी नव्हतीच, नुसता शोषखड्डा होता. छन्न्याला जे अडत नाही तेच आम्ही पीत होतो. उकळून पीत होतो म्हणून निभावले असेल.

इथे आणखी एक सांगते. पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते, म्हणून आम्ही भिगवणकर पुणेकरांना बोल लावत असतो. रोहित पक्षी बघायला गाड्या भरून येणाऱ्यांना तर आमचे हे हमखास ऐकवतात, "तुमचेच पाणी बघायला आलात." बोल खराच आहे. पण काळी बाटली खिडकीत ठेवलेली असताना त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.

नवी टाकी बसवायची ठरली. सिमेंटची की प्लॅस्टिकची यावर घरात आठ दिवस वाद. विटांच्या टाकीला आमच्या काळ्या मातीत तडे जातात, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तडा गेला की परत आडात तेच. अखंड साच्यातून काढलेली प्लॅस्टिकची टाकी गळत नाही, म्हणून माझा कौल तिला. दोन हजार लिटरची घेतली. आत भिंत घालून कप्पे केलेले असतात. पहिल्यात जड ते खाली बसते, तेलकट ते वर तरंगते, मधले पाणी पुढच्या कप्प्यात जाते, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू खालच्या गाळाचे काम करत राहतात. दुकानदार म्हणाला, "ताई, आयुष्यभर उपसायला नको." हे मात्र खोटे. गाळ कमी होतो, नाहीसा होत नाही. दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. आणि बाहेर पडणारे पाणी दिसायला निवळ असले तरी शुद्ध नसते, त्याला मातीतून गाळावे लागतेच.

ठेकेदाराने वैशाखाचा शब्द दिला होता. तीच वेळ बरोबर होती. वैशाखात उजनी तळाला जाते, फुगवटा मागे हटतो, आणि आमच्याकडच्या जमिनीतले पाणीही खोल जाते. तो आला नाही. आज येतो, उद्या येतो करत आषाढ आला आणि चातुर्मास लागला. चातुर्मासात जमीन खणायची नाही हा आमच्या घरचा नेम, पावसात मातीत जिवांची उत्पत्ती फार. मग दिवाळी झाली, कार्तिकातली अष्टान्हिका झाली आणि मार्गशीर्षात जेसीबी आला. तेव्हा धरण काठोकाठ भरलेले. पाच फुटांवरच खड्ड्याला पाणी लागले. धर्माला सोयीची वेळ जमिनीला सोयीची नव्हती, याचा हिशेब आम्ही आधी करायला हवा होता.

दोन दिवस पंप लावून पाणी उपसले आणि संध्याकाळी टाकी खड्ड्यात सोडली. बाजूने अर्ध्यापर्यंत वाळू भरली. टाकीत पाणी भरायचे होते, पण टँकर आला नाही. "सकाळी भरू" म्हणून माणसे गेली, जाताना पंपही बंद करून गेली.

सकाळी मी देवपूजेची फुले काढायला परसात गेले तर टाकी वर आलेली! एका बाजूला कलंडून तिची मान जमिनीच्या वर, जोडलेला पाईप तुटून लोंबतोय. मला आधी वाटले, कोणी चोरायला उचलली की काय. नातवाने शाळेच्या पुस्तकातले सांगितले. दोन हजार लिटरची रिकामी टाकी पाण्यात बुडवली की पाणी तिला दोन टनांच्या जोराने वर ढकलते, आणि टाकीचे स्वतःचे वजन तर दोन माणसांनी उचलण्याइतके. आर्किमिडीज आमच्या परसात आला होता.

मग सगळे पुन्हा. या वेळी ठेकेदार नको म्हणून गावातल्याच एका जुन्या गवंड्याला बोलावले. त्याने खाली काँक्रीटचा थर घातला, त्यात लोखंडी कड्या रोवल्या, टाकी पट्ट्यांनी कड्यांना बांधली. मग टाकीत एक फूट पाणी आणि बाहेर एक फूट वाळू, पुन्हा एक फूट पाणी, एक फूट वाळू, असे वरपर्यंत. आतून पाण्याचा आधार नसेल तर बाहेरच्या मातीने टाकी चेपते. वाळूत दगड-डबर एकही जाऊ द्यायचे नाही. वेंट पाईप गच्चीच्याही वर नेला आणि तोंडाला जाळी लावली, डासांसाठी. शोषखड्डा खोल न घेता उथळ आणि लांब चर घेतला, कारण खोल खड्ड्याचा तळ पाण्यात बुडाला तर तो शोषणार कसला, थेट पाण्यातच कालवणार. चर आडापासून सत्तर फूट लांब, दुसऱ्या अंगाला. न्हाणीचे आणि धुण्याचे पाणी टाकीत जातच नाही, ते केळी-कर्दळीला.

आता सेफ्टी शब्दाबद्दल.

जुनी टाकी बुजवायची तर आधी उपसायला हवी होती. त्यासाठी मी माळ्यावरून १९९१ ची वही काढली, तेव्हा एकदा उपसली होती एवढे आठवत होते. ज्येष्ठ महिन्यात नोंद सापडली. माझेच अक्षर. 'टाकी सफाई ६०. फिनेल १८.'

दोन माणसे आली होती. एक कमरेला दोर बांधून आत उतरला. मी स्वयंपाकघरात होते. थोड्या वेळाने आरडाओरडा झाला. आत त्याची शुद्ध गेली होती, वरच्याने आणि आमच्या भाऊजींनी दोराने ओढून काढले. आडाशेजारी फरशीवर निजवले, तोंडावर पाणी मारले. तो डोळे उघडून बसला, तेव्हा मी त्याला वेगळ्या ठेवलेल्या कपात लिंबूपाणी दिले. तास-दीड तासाने दुसऱ्याने उरलेले काम केले. साठ रुपये दिले. त्याचे नाव मी विचारले नाही, म्हणून नोंदीतही नाही. सुताराचे, दूधवाल्याचे, सगळ्यांची नावे त्या पानावर आहेत.

२०२३ च्या मार्चमध्ये आपल्या बारामती तालुक्यातल्या खांडज गावी शेण-मुताच्या टाकीत उतरलेली चार माणसे एकाला काढायला दुसरा, असे करत गेली. पेपरात ते वाचले तेव्हा मला आमची फरशी आठवली होती. या वायूला सुरुवातीला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण वायू जास्त असला तर नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. दोर नसता तर आमच्याकडेही तेच झाले असते. माणसाला साधनांशिवाय असे आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. असा मृत्यू झाला तर कुटुंबाला दहा लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ते तीस लाख केले. माझ्या वहीत साठ.

चातुर्मासात बारामतीला आर्यिका माताजींच्या दर्शनाला गेले होते, तेव्हा ही गोष्ट बोलले. पाच समित्यांत शेवटची उत्सर्ग समिती. साधू मलमूत्रसुद्धा निर्जंतुक, कोरडी जागा बघून, कोणाला त्रास होणार नाही असेच विसर्जित करतात. बंद टाकीत संमूर्च्छन जीव अगणित होतात, मग गृहस्थाने काय करायचे, हा माझा प्रश्न होता. त्या म्हणाल्या, गृहस्थाची आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही, ती यत्नाने कमी करायची. मग त्यांनी विचारले, "आणि तो माणूस पंचेंद्रिय नव्हता का?" मला उत्तर सुचले नाही. बसमध्येही सुचले नाही.

या वेळी पंपाची गाडी बोलावली. पाईप आत, माणसे बाहेर. चालक म्हणाला, तळाचा घट्ट गाळ निघत नाही, आत उतरून थोडा खरवडला तर होईल. यांनी साफ नाही म्हटले. राहू दे तसाच. वरून चुना आणि मुरूम टाकून टाकी बुजवली. चालकाचे आणि मदतनिसाचे नाव विचारून वहीत लिहिले. चहा आमच्याच कपातून दिला. मदतनीस कप हातात घेऊन जरा थांबला होता, मग प्यायला.

संडासात आता अ‍ॅसिड नाही, कारण टाकीतले जिवाणूच मरतात. साबणाचे पाणी आणि ब्रश पुरतो. टाकीवर मोटारसायकलही उभी करायची नाही, म्हणून भोवती तुळशीच्या कुंड्या ठेवल्या आहेत. पुढचा उपसा वैशाखातच, आणि उपसल्यावर लगेच पाणी भरायचे, नाहीतर पुन्हा तरंगेल. हे मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले आहे, मी नसले तर सूनबाईला सापडावे म्हणून.

आडाचे पाणी परवा परत तपासले. बाटली काळीच झाली, पण या वेळी दोन दिवस लागले. मुरलेले निघायला एक-दोन पावसाळे जातील असे गवंडी म्हणतो. तोवर प्यायचे पाणी नळाचे, गाळून आणि उकळून. आडाचे फक्त झाडांना काढते, पण तेही गाळूनच, आणि जिवाणी सासूबाई सोडायच्या तशीच, बादली पाण्यापर्यंत नेऊन सोडते.