किंकर

गेल्या दिवाळीत नातू सुटीसाठी घरी आला आणि त्याने आम्हांस एका काळ्या राज्याचे दर्शन घडविले. ते राज्य संगणकाच्या पडद्यावरचे होते. ‘ओव्हरलॉर्ड’ नावाचा तो खेळ 2007 साली नेदरलँड्समधील ट्रायम्फ स्टुडिओज या मंडळींनी तयार केला. त्याची कथा ऱ्हिआना प्रॅचेट या इंग्रज लेखिकेची. या वयात आम्ही खुर्ची ओढून असल्या खेळापुढे बसलो, याचे घरच्या माणसांस हसू आले. आम्हांस मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही. असे का व्हावे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

एरवीच्या कथांत आपण दुष्टाचा निःपात करावयास निघतो. येथे खेळणाराच दुष्टांचा राजा. सात वीरांनी मिळून पूर्वीच्या काळ्या राजाचा पाडाव केलेला, त्याचा मनोरा भग्न होऊन पडलेला. राजा गेला, पण त्याचे सेवक उरले. ते शवपेटीतून एका पुरुषास उठवितात, त्याच्या अंगावर चिलखत चढवितात आणि त्याला धनी करून टाकतात. हे सेवक खुजे, अणकुचीदार कानांचे आणि चार रंगांचे. तपकिरी ते लढतात, तांबडे आग फेकतात, हिरवे दबा धरून पाठीमागून वार करतात, निळे पाण्यात उतरतात आणि पडलेल्या सोबत्यांना पुन्हा उभे करतात. धन्याने दिशा दाखविली की घर असो वा शेत, ते तुटून पडतात आणि लूट आणून त्याच्या पायांशी ओततात. धन्याच्या शस्त्राला अधिक बळ यावे म्हणून त्यांचा बळी भट्टीत देण्याचीही सोय आहे. त्यालाही कोणाची ना नाही.

पुढची हकीकत नातवाने सांगितली. अखेरीस असे उघडकीस येते की, हा नवा राजा म्हणजे त्या वीरांचाच विस्मृतीत गेलेला आठवा सोबती. जो काळ्या राजाला मारावयास आला, तोच त्याच्या आसनावर बसला. उरलेले सात वीरही एकेका पापाने किडलेले. कोणी खादाड, कोणी लोभी, कोणी आळशी. 2009 साली निघालेल्या दुसऱ्या खेळात राज्य या राजाच्या मुलाकडे जाते.

“आणि सेवक?” आम्ही विचारले.

“ते तसेच, आजोबा. त्यांचा म्हातारा कारभारी नार्ल, तोसुद्धा तोच.”

राजे बदलतात, सेवक तेच राहतात, हा विचार आमच्या डोक्यातून जाईना.

अशा सेवकासाठी आपल्या पूर्वजांनी मोठा मार्मिक शब्द घडविला आहे. ‘किं करोमि’, म्हणजे मी काय करू, असे विचारीत जो धन्यापुढे उभा राहतो तो किंकर, अशी त्याची फोड सांगतात. काय करू, एवढेच त्याने विचारावयाचे. का करू, हे विचारणे त्याच्या नावातच नाही. सुंदरकांडात हनुमंताने अशोकवन मोडल्यावर रावण प्रथम ज्यांना धाडतो, त्या राक्षसांचे नावच किंकर. वाल्मीकींनी त्यांची संख्या ऐंशी हजार दिली आहे. पुढे आलेला जंबुमाली नावाने ओळखला जातो, राजपुत्र अक्ष नावाने ओळखला जातो. ऐंशी हजारांतील एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही. ते आले आणि मेले.

बालपणी मंदिराच्या सभामंडपात कीर्तनकारबुवांच्या तोंडून प्रह्लादाचे आख्यान ऐकताना आमचे सारे लक्ष हिरण्यकशिपूच्या गर्जनांकडे आणि दुभंगणाऱ्या खांबाकडे असे. आता भागवताचा सातवा स्कंध वाचताना दृष्टी दुसऱ्याच माणसांवर थांबते. राजा म्हणाला, या पोराचा जीव घ्या. तेव्हा कोणी शूळ उचलले, कोणी हत्ती आणले, कोणी सर्प सोडले, कोणी विष कालविले, कोणी त्याला कड्यावरून लोटून दिले. दर खेपेस कोणाचे तरी हात लागले आणि त्यांतला एकही हात आखडला नाही. याच नगरीत, शंड आणि अमर्क हे गुरू आपल्या घरकामात गुंतले असता, दैत्यांची लहान मुले खेळ टाकून प्रह्लादाचे बोलणे ऐकत बसली. बाप शूळ धरीत होते तेव्हा मुले ऐकत होती. या एका गोष्टीवर आमची फार श्रद्धा आहे.

हिरण्यकशिपू, प्रह्लाद, विरोचन, बळी, बाणासुर अशी ही दैत्यकुळाची परंपरा. गोव्यात आम्ही चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचा पुतळा जाळतो आणि प्रतिपदेस दैत्यांच्याच राजाचे, बळीचे, राज्य येवो म्हणतो. या कुळात ज्या दोघांना आपण हात जोडतो, त्या दोघांनीही आज्ञा मोडल्या आहेत. प्रह्लादाने पित्याची मोडली. बळीने गुरूची मोडली. तीन पावले भूमी देऊ नकोस, असे शुक्राचार्यांनी बजावले असता शाप पत्करून दिलेला शब्द पाळला. नृसिंहाने हिरण्यकशिपूस मारले, पण दैत्यांचे सिंहासन मोडले नाही. त्यावर प्रह्लादाला बसविले. खेळातल्या वीरांना जे जमले नाही ते येथे जमले, कारण आसनावर बसणारा आधी ‘नाही’ म्हणावयास शिकला होता.

येथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख पुराणचर्चा म्हणून खपला असता. पण झोप उडाली ती पुराणामुळे नव्हे.

1967 सालची गोष्ट. आमचे वय सतरा. जत्रेनिमित्त अग्रशाळेत समाराधना होती आणि पंगतीत पाणी वाढण्याचे काम आमच्याकडे होते. मंदिराच्या तळीच्या पायऱ्या वर्षभर झाडणारी एक वृद्धा आपल्या लहान नातवाला घेऊन पंगतीच्या टोकाला येऊन बसली. ओसरीवर बसलेल्या एका वजनदार गृहस्थांनी आमच्याकडे पाहिले, मग त्या टोकाकडे पाहिले. ते एक अक्षरही बोलले नाहीत. आम्ही तांब्या हातात घेऊन तिच्यापाशी गेलो आणि म्हणालो, “तुम्ही उठा. तुमची पंगत मागाहून.” ती उठली. पुढ्यातील पत्रावळ तिने स्वतःच उचलून घेतली, रिकाम्या जागेवर हात फिरवून ती पुसली आणि नातवाचा हात धरून बाहेर गेली. पोर मागे वळून वळून पाहत होते.

त्या गृहस्थांस जाऊन कैक वर्षे लोटली. त्यांचा चेहरा आज आठवत नाही. आमचा आवाज मात्र आठवतो, स्पष्ट आठवतो. त्या दिवशी हुकूम झालाच नव्हता, नुसती नजर झाली होती. हुकूम आम्ही आमच्या मनाने तयार केला. पुढे कोणी विषय काढला तर ‘त्या काळची रीतच तशी होती’, असे आम्ही म्हणत आलो. रीत ही कोणाच्या तरी हातांनी चालते, हे आम्ही स्वतःस कधी सांगितले नाही. नातवाच्या पडद्यावरचे ते खुजे जीव लूट घेऊन हर्षभराने धन्याकडे धावू लागले, तेव्हा त्यांच्या हातांत आम्हांस तो तांब्या दिसला.

दिवाळीनंतर जत्रा आली. ओसरीवरची ती जागा वयोमानाने आता आमच्याकडे आली आहे. पंगत बसत असता एक अनोळखी कुटुंब संकोचत येऊन टोकाला बसले. पाणी वाढणारा एक मुलगा त्यांच्यापाशी थबकला आणि त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिले. तोंडाने काही विचारले नाही, पण तो प्रश्न आम्ही ओळखला. आमची एक नजर पुरेशी होती, कोणतीही.

आम्ही उठलो. त्याच्या हातातील तांब्या घेतला आणि त्या टोकापासून पाणी वाढावयास आरंभ केला. हात कापत होता. पहिल्याच पानापाशी थोडे पाणी सांडले. मुलगा क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग कोणी न सांगता आत गेला, दुसरा तांब्या भरून आणला आणि आमच्या पुढच्या पानापासून वाढू लागला.