डायवरचा आकडा आणि गोळीचा व्यास

घरी शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतणं हा अमेरिकेत जुना, कायद्याला मान्य असलेला छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा ठरतो, त्यामुळे मला यात रस आहे तो मोजमापापुरता. ओतलेली गोळी साइझिंग डायमधून दाबून काढतात आणि डायवर ०.३०९ कोरलेलं असेल तर गोळीही ०.३०९ इंचाची झाली असं धरून चालतात. माझा आक्षेप नेमका या धरून चालण्याला आहे. डायमधून सुटलेला धातू किंचित उसळी घेतो, आणि ती उसळी मिश्रधातूवर ठरते. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठीणता ५ च्या आसपास. छपाईसाठी अक्षरांच्या ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या धातूची, ज्यात साधारण १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं, २२ च्या आसपास. हा कठीण धातू जास्त उसळतो, शिवाय थिजताना कमी आकसतो, म्हणून त्याच साच्यातून थोडी जाड गोळी देतो. उलट मुळातच बारीक ओतली गेलेली गोळी डायला न घासताच पार होते. डाय तिला जाड करू शकत नाही. आणि बारीक गोळीच जास्त महागात पडते. ०.३०८ इंच खाचव्यासाच्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचांच्या तळाशी मोजलेल्या व्यासाच्या, नळीत शिशाची गोळी एक-दोन थाऊ जाडच हवी, नाहीतर तापलेला वायू बाजूने निसटतो, गोळीची कड खातो आणि नळीत शिसं बसतं.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन. सगळं भांडण एक-दोन थाऊचं असताना ते कॅलिपरने मिटवायला जाणं मला पटत नाही, कारण साध्या कॅलिपरची स्वतःचीच चूक एक थाऊपर्यंत जाते. त्याचं माप जबड्यांत आणि पट्टी बाजूला. ही दोन्ही एका रेषेत नसली की जबडा जरा कलताच चूक शिरते, हे एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्येच मांडलं होतं. मायक्रोमीटरचा स्क्रू मापाच्याच रेषेत सरकतो. इंचाला चाळीस आटे, म्हणजे एका फेऱ्याला २५ थाऊ. ‘वर्षानुवर्षं कॅलिपरवरच भागलं’ हा दावा खोटा नाही. पिस्तुलाने जवळचं लक्ष्य मारायचं तर भागतंही. पण तेव्हा सैल मापाला लक्ष्यानेच सांभाळून घेतलेलं असतं. तापमानाचा बाऊ मात्र मी करणार नाही. शिसं पोलादाच्या अडीचपट प्रसरण पावतं हे खरं, तरी हातात धरून गोळी दहा अंशांनी तापली तर व्यास वाढतो थाऊच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्यापेक्षा रॅचेट न वापरता चिमटीने पिळलेला मायक्रोमीटर मऊ शिशात जास्त घोळ घालतो.

यावर ‘खरी परीक्षा कागदी लक्ष्यावरच होते, मग मोजायचं कशाला?’ असं विचारलं जातं. विखुरलेली भोकं काहीतरी बिघडलंय एवढंच सांगतात. दोष गोळीचा, दारूचा की खांद्याचा, ते सांगत नाहीत. अर्थात मायक्रोमीटरलाही न दिसणारं असतंच. साच्याचे दोन अर्ध नीट मिटले नाहीत तर सांध्याच्या दिशेचं आणि त्याला काटकोनातलं माप वेगळं येतं, म्हणून एका मापावर विसंबू नये. सेंटरलेस ग्राइंडिंगवर काम केलेल्या माणसाला तीन फुगवट्यांचा ‘गोल’ ठाऊक असतो: कुठूनही मोजा, व्यास सारखाच, आणि वस्तू तरी गोल नाही. नळीचं माप घेतानाही अशीच फसगत होते. मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून काढतात आणि त्यावर उमटलेल्या खाचा मोजतात. खाचा सहा असतील तर खाचेसमोर खाच येते. पण स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर दशकानुदशकं दिसलेल्या .३०३ रायफलीत त्या बहुधा पाच. तिथे खाचेसमोर उंचवटा येतो, सपाट जबड्यांचा मायक्रोमीटर खऱ्याहून कमी दाखवतो, आणि त्यावर भरवसा ठेवणारा डायच चुकीची घेतो. त्यासाठी व्ही आकाराच्या ठोकळ्याचा मायक्रोमीटर मिळतो. तो नसेल तर एक थाऊ जाडीची शिम पट्टी गोळ्याभोवती घट्ट गुंडाळून माप घ्यावं आणि त्यातून दोन थाऊ वजा करावेत.