घरातले मित्रकीटक तुम्हीच

संपादकांचा निरोप असा: घरातल्या झाडांच्या किडींवर पाच सोपे सेंद्रिय उपाय द्या, जड शब्द नकोत. प्रयत्न करतो. पण लोक फोनवर थेट "काय फवारू?" विचारतात. कीड कोणती, हे कुणी सांगत नाही. पाठवलेल्या फोटोत पान कमी आणि अंगठाच जास्त दिसतो.

जैविक कीडनियंत्रण हा माझा विषय. पपईवरचा पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, 2008 मध्ये कोइमतूरला आढळला आणि 2010 पर्यंत पुण्यात पोचला. त्याच वर्षी प्युर्टो रिकोहून त्याचे परोपजीवी कीटक आणले गेले. त्यांतल्या ॲसेरोफॅगस पपाये या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कीटकाने ती साथ आटोक्यात आणली. हे सांगताना माझी मान आजही ताठ होते. पण त्या मिलीबगचा एखादा भाऊबंद तुमच्या दिवाणखान्यातल्या क्रोटनवर बसला, की ही सारी विद्या दाराबाहेर राहते. मिलीबग खायला द्राक्षबागांत सोडतात तो क्रिप्टोलिमस ढालकिडा चार कुंड्यांत रमत नाही, खिडकीच्या जाळीवर जाऊन बसतो. घरात कीड धुऊन काढणारा पाऊस नाही आणि तिला खाणारंही कुणी नाही. तेव्हा मित्रकीटकाचं काम तुम्हालाच करायचं आहे.

म्हणजे आधी पान उलटून बघायचं. बेचक्यांत पांढरा कापूस दिसला तर तो मिलीबग. ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. पानावर बारीक पिवळे ठिपके आणि खाली जाळी असेल तर तो लाल कोळी. हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. कोरडी, उबदार हवा त्याला मानवते; पानांची खालची बाजू नळाखाली धुवा. कुंडीवर चिलटं उडत असतील तर पाणी जास्त होतंय. पिवळ्या चिकट सापळ्यावर फक्त उडणारी सापडतात, अळ्या मातीतच राहतात. वरची माती वाळू द्या.

आता कडुनिंब. इथे थोडं लांबण लागेल. अझाडिरॅक्टिन हे त्यातलं मुख्य द्रव्य असतं निंबोळीच्या बीच्या गरात. पाल्यात फारच थोडं. त्यामुळे पाला उकळून फवारण्यात समाधानच जास्त. पाच किलो निंबोळ्या आणि शंभर लिटर पाणी, हे पाच टक्के अर्काचं गणित शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. शहरातला माणूस मात्र पीपीएमचा, म्हणजे अझाडिरॅक्टिनच्या प्रमाणाचा, आकडा न बघता कडुनिंबाच्या तेलाची बाटली उचलतो. काही तेलांतून अझाडिरॅक्टिन काढून घेतलेलं असतं. ती मऊ अंगाच्या किडीला गुदमरवतात, त्यापलीकडे फारसं काही करत नाहीत. अझाडिरॅक्टिनही कीड झटकन मारत नाही. ते तिचं खाणं बंद करतं, कात टाकणं बिघडवतं. याला दिवस लागतात, आणि लोक दुसऱ्या सकाळी "काही उपयोग नाही" म्हणून मोकळे होतात. उन्हात आणि अल्कधर्मी पाण्यात ते लवकर विघटित होतं, म्हणून मिश्रण त्याच दिवशी संपवा. लिटरभर पाण्याला पाच मिली तेल, आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा साधा द्रव साबण. कपड्यांची पावडर नको. आधी एका पानावर फवारून दिवसभर थांबा. अंडी वाचतात, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारा.

पाच उपाय झाले असावेत. पण या पावसाळ्यातला एक फोन डोक्यातून जात नाही. एका गृहस्थांनी तंबाखू उकळून तुळशीवर फवारली होती. त्याच तुळशीची पानं नातवाच्या काढ्यात जायची. मी घाबरून थांबवलं तर म्हणाले, "पण हे सेंद्रियच आहे ना?" आहे की! निकोटिन पूर्ण नैसर्गिक आहे आणि जहाल विषही आहे. निकोटिन सल्फेटच्या वापरावर आपल्याकडे बंदी आहे. 'नैसर्गिक' आणि 'निर्धोक' यांत एवढी गल्लत होण्याला आम्ही तज्ज्ञही जबाबदार नाही का? रसायनांची भीती आम्हीच घातली, वनस्पतींतल्या विषांविषयी मात्र गप्प बसलो.

सहावा उपाय कुणाला आवडत नाही. मिलीबग मुळांपर्यंत पोचला असेल तर झाड पिशवीत बांधून टाकून द्या, कंपोस्टमध्येही नको. नवं रोप आणलं तर दोन आठवडे वेगळं ठेवा. शेतकऱ्याला "हे झाड उपटा" सांगताना मला काही वाटत नाही. घरच्या कुंडीबद्दल तेच सांगायला गेलो, की समोरच्याचा चेहरा उतरतो आणि मीच म्हणतो, "बरं, अजून एकदा पुसून बघा."